आधारची झेरॉक्स देताना

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, सिमकार्ड, कर्ज, सगळ्यांची कागदपत्रं माझ्या हातून जातात. त्यामुळे लोक कुठे बेसावध राहतात ते मला रोज दिसतं.

आधार किंवा पॅन झेरॉक्सला दिलं की मशीनसमोरून हलू नका. वाकडी, काळी आलेली प्रत मागून घ्या आणि स्वतः फाडा. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून प्रिंट काढली, तर ती चॅटमधून, डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही पुसायला लावा. मागायला संकोच करू नका. हा तुमचा हक्क आहे.

प्रत कुणाला देण्याआधी तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख. सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर येऊ द्या. नुसती सही केलेली प्रत कुठेही वापरता येते, आणि अशा प्रती मी रोज पाहते. पूर्ण नंबर लागत नसेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते आधारच्या वेबसाइटवरून फुकट उतरवता येतं.

अंगठ्याचं मात्र नीट समजून घ्या. आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून पैसे निघतात, तिथे ओटीपी येत नाही. म्हणून आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्या-डोळ्यांची ओळख, लॉक करून ठेवा. रेशन घ्यायला जाण्याआधी तेवढ्यापुरतं उघडायचं, एवढाच त्रास. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांचं हे काम घरातल्या पोरांनी करून द्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथेच कळवा.

आता पॅन. माझ्या ओळखीच्या एका ताईंचं शेळीपालनाचं कर्ज अडलं, कारण त्यांच्या पॅनवर कुणीतरी मोबाइल अ‍ॅपवरून कर्ज काढून थकवलं होतं. त्यांना याचा पत्ताच नव्हता. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, फुकट द्यायचा असतो. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवा, म्हणजे वर्षभर नजर राहते. न घेतलेलं कर्ज दिसलं तर कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला. तुमची चूक नसताना तिसऱ्याच माणसाने खात्यातून पैसे काढले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून तिथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

पोलीस ठाण्यात अर्ज देताना माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 66सी असं स्पष्ट लिहा. दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ओळखीची अशी खूण फसवणुकीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परत येऊ नका. बँक आणि कर्ज देणारी संस्था, दोघंही पुढे तीच पोच मागतात.