जुनी गॅस ग्रिल पुन्हा उभी करताना: रंग कुठे द्यायचा आणि कुठे मुळीच नाही

अमेरिकेत उन्हाळा तोंडावर आला की रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत जुन्या गॅस ग्रिल, म्हणजे अंगणात मांस-भाज्या भाजायच्या गॅसच्या शेगड्या, उभ्या दिसू लागतात. शिकागोच्या परिसरात त्यात वेबर कंपनीची ‘जेनेसिस’ हमखास असते, कारण ती मूळची इथलीच. 1952 साली जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे दोन भाग करून आपली पहिली गोल कोळशाची शेगडी केली, ती इथेच. गॅसवर चालणारी जेनेसिस 1985 मध्ये आली.

या जुन्या जेनेसिसवर कष्ट घ्यावेत असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला कारण आहे. तिची आच पेलणारी पेटी ओतीव अॅल्युमिनियमची आहे. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. झाकणाचा मधला पत्रा मिन्याचा, म्हणजे पोलादावर भाजून बसवलेल्या काचेचा. खराब होतात ते बर्नर, जाळ्या, बर्नरवरच्या तिरप्या पट्ट्या आणि गॅसची नळी. यातलं बहुतेक सगळं आजही नवं मिळतं. म्हणून एकीची पेटी, दुसरीचं झाकण, तिसरीची चौकट असं जमवून एक धड ग्रिल उभी करता येते.

भंगारातून काय उचलायचं

आधी पेटी बघा. आतली काजळी खरवडून भेगा पडल्यात का, बोल्टची भोकं फाटलीत का ते तपासा. भेग असेल तर सोडून द्या. मग चौकट. ती पोलादी नळ्यांची असते आणि गंज आतून लागतो. चाकं बसतात तिथल्या टोकांवर आणि खालच्या आडव्या नळीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. आत रुतलं तर ती चौकट वजन पेलणार नाही. वरवरचा गंज चालतो, तो घासून निघतो.

झाकणावरचा मिना टवका न उडालेला असेल तर ते झाकण घ्याच. लाल झाकणाच्या जेनेसिसना इथले हौशी लोक खास शोधत असतात. लाकडी पट्ट्या कुजलेल्या असल्या तरी हरकत नाही, त्या सागाच्या किंवा सीडरच्या नव्या कापता येतात.

एक गोष्ट घरी आणण्याआधीच बघायची: ग्रिल सिलिंडरची आहे की पाइपच्या गॅसची? नळीला रेग्युलेटर नसेल आणि टोकाला पितळी झटपट जोड असेल तर ती बहुधा नैसर्गिक वायूची. त्या ग्रिलच्या व्हॉल्व्हवरच्या जेटची, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोकं मोठी असतात. ते व्हॉल्व्ह सिलिंडरच्या ग्रिलला लावले तर भलताच जास्त गॅस येऊन ज्वाळा उसळतात. दोन ग्रिलचे भाग एकत्र करताना हे सगळ्यांत आधी तपासा. जेटचं भोक ड्रिलने किंवा तारेने मोठं करून ‘जुळवून’ घ्यायचं नाही.

सुटे भाग करणं

सुरुवात करण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. झाकण दोन खिळ्यांवर असतं, ते काढलं की उचलून येतं. खरा त्रास पेटी चौकटीला धरणाऱ्या बोल्टचा. पोलाद आणि अॅल्युमिनियम वर्षानुवर्षं ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की बोल्ट जणू वितळून बसतो. जोर लावला तर तो तुटतो आणि अर्धा पेटीत अडकतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा, आणि पाना थोडा घट्ट करण्याच्या दिशेने, थोडा सोडण्याच्या दिशेने असा फिरवा. तेल पूर्ण पुसल्यावरच, मोकळ्या हवेत, गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीने बोल्टला उष्णता दिली तरी उपयोग होतो. परत बसवताना आट्यांना अँटी-सीझचा लेप लावा, म्हणजे पुढच्या वेळी ही लढाई नको.

धुणं: इथेच खरं काम आहे

झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटताना दिसले की बरेच जण ‘रंग उडतोय’ असं समजतात आणि आतून रंग मारायला निघतात. तो रंग नसतो. धूर आणि चरबी जळून जमलेली काजळी असते. ती प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायची, गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवायची. आतून रंग मुळीच द्यायचा नाही. तो अन्नावर झडेल.

पेटीही अशीच. ओव्हन साफ करायच्या फवाऱ्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो मिन्याला फारसं काही करत नाही, पण अॅल्युमिनियम खातो. पेटी काळी पडते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. अॅल्युमिनियमला चालतं असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं द्रव्यच वापरा. तारेचा ब्रश ड्रिलला लावून पेटीची बाहेरची बाजू आणि झाकणाच्या दोन्ही टोकांचे ओतीव तुकडे घासा. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच. जेनेसिस नसून दुसरी कुठली ग्रिल 1978 च्या आधीची असेल तर कोरडं घासूच नका. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं.

अन्नाच्या जाळीवर मात्र तारेचा ब्रश वापरणं मी बंद करायला सांगेन. 2011-12 मध्ये ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या सहा रुग्णांची नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. ब्रशची सुटलेली तार भाजलेल्या अन्नाबरोबर गिळली गेली होती.

रंगकाम

रंग लागतो तो तीन ठिकाणी: पेटी बाहेरून, झाकणाची ओतीव टोकं बाहेरून, आणि चौकट. मिन्याच्या झाकणाला धुऊन पॉलिश पुरे. त्यावर स्प्रे मारला तर मूळची चमक झाकली जाते आणि नवा थर काचेवर नीट धरतही नाही.

पेटी आणि टोकांसाठी उष्णता सोसणारा स्प्रे घ्या, साधारण 1200 फॅरनहाइट म्हणजे 650 अंश सेल्सिअसपर्यंतचा. चौकट इतकी तापत नाही. तिचा गंज पॉलिश पेपरने काढून, उरलेल्यावर गंज थोपवणारं रसायन लावून, प्रायमरचा हात आणि वर साधा इनॅमल चालतो.

रंगाआधी भाग पूर्ण कोरडा हवा आणि त्यावर तेलाचा अंशही नको. स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, कापड काळं न होता बाहेर येईपर्यंत. त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका. दिवस कोरडा, फार थंड नाही, फार कडक ऊनही नाही असा निवडा. डबा फूटभर अंतरावर धरून हात सतत हलता ठेवा. पहिला हात इतका पातळ की खालचा धातू दिसत राहावा. एकाच दाट हातात झाकायला गेलं की ओघळ येतात आणि पुढे तापल्यावर तिथेच फोड उठतात. दोन हातांमध्ये किती थांबायचं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. डब्यावरचं वाचून तेच पाळा.

हा रंग वाळला तरी पक्का होत नाही, त्याला ताव द्यावा लागतो. ग्रिल जोडून गळती तपासून झाली की रिकामी ग्रिल मंद आचेवर अर्धा तास, मग पूर्ण गार, मग मध्यम आचेवर, पुन्हा गार, आणि शेवटी 230 अंशांच्या पुढे तासभर. डब्यावर वेगळी रीत दिली असेल तर ती पाळा. या वेळी धूर आणि उग्र वास येतो. ग्रिल उघड्यावरच ठेवा, मुलांना लांब ठेवा, आणि त्या दिवशी तिच्यावर काही शिजवू नका.

आत नवं काय घालायचं

बर्नर, तिरप्या पट्ट्या आणि जाळ्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या तर खर्च एकदाच होतो. जुन्या फ्रिजच्या कपाटाची जाळी ‘बसते’ म्हणून वापरू नका; जुन्या जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. पेटीच्या आत जस्ताचा मुलामा दिलेला नट किंवा वायसरही नको, फार तापल्यावर त्याचा विषारी धूर निघू शकतो.

गॅसची नळी आणि रेग्युलेटर जुना कितीही चांगला दिसला तरी नवाच. इथे मी पैसे वाचवू देणार नाही. बर्नर जुनाच ठेवत असाल तर त्याच्या हवा घेणाऱ्या तोंडातून बाटल्या धुण्याचा लांब ब्रश फिरवा. तिथे कोळी जाळं करतात. मग गॅस पुढे न जाता मागे साचतो आणि आग नॉबच्या बाजूला लागू शकते.

गळती तपासणं आणि पहिली आच

आपल्याकडच्या घरगुती 14.2 किलोच्या सिलिंडरपेक्षा इथला ग्रिलचा सिलिंडर लहान, 20 पौंडांचा, म्हणजे सुमारे 9 किलोचा. तोंडावरचं चाक तीन टोकांचं असेल तर त्यात जास्त भरणं रोखणारी झडप आहे. नसलेला सिलिंडर 2002 पासून इथे भरूनच मिळत नाही.

सगळे नॉब बंद ठेवून सिलिंडर उघडा. निम्मं पाणी, निम्मा भांड्यांचा साबण असं मिश्रण ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. बुडबुडा फुगला की सिलिंडर बंद, जोड पुन्हा घट्ट, पुन्हा साबण. काडी पेटवून गळती शोधायची नाही.

पेटवताना झाकण उघडं असलंच पाहिजे. पाच सेकंदांत पेटली नाही तर नॉब बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. ज्योत निळी, टोकाला थोडी पिवळी झाक अशी हवी. पूर्ण पिवळी, लवलवती असेल तर हवेच्या तोंडात काहीतरी अडकलं आहे.

झाकण लावून तिन्ही बर्नर पूर्ण ठेवले तर पंधरा मिनिटांच्या आसपास तापमान 260 अंशांवर जायला हवं. ते दीडशेपाशीच रेंगाळत असेल तर लगेच बर्नर बदलू नका. सिलिंडर झटक्यात उघडला की नव्या रेग्युलेटरच्या जोडातली सुरक्षा यंत्रणा ‘गळती आहे’ असं समजून गॅस आखडते. सिलिंडर आणि सगळे नॉब बंद करा, नळी सोडवा, दोन मिनिटांनी पुन्हा जोडा, जोडाला साबण लावून पाहा, आणि या वेळी सिलिंडर अगदी सावकाश उघडून मग एकेक बर्नर पेटवा.