घाटे अळीवर एम.एस्सी. करताय? मग आधी चारा ठरवा

कीटकशास्त्राला आलात आणि घाटे अळीच्या जीवनक्रमावर यजमान पिकांचा परिणाम हा विषय वाट्याला आला, तर मार्गदर्शकांना पहिला प्रश्न विचारा: अळीला पिकाचा कोणता भाग द्यायचा? नुसतं ‘तूर’ लिहून भागत नाही. कोवळ्या शेंगेतला दाणा खाणारी अळी साधारणपणे लवकर कोषात जाते, कोष वजनदार भरतो, मादीही अंडी जास्त घालते. पानावर ती रेंगाळते.

विदर्भात या अळीची पंगत लवकर उठत नाही. आधी कपाशीच्या पात्या-बोंडं, मग तुरीचा फुलोरा, तोवर हरभऱ्याला घाटे. पण ऑक्टोबरात कपाशीवर आणि जानेवारीत हरभऱ्यावर पिढी वाढवून तुलना केलीत, तर मोजाल ती थंडी. सगळी पिकं एकाच वेळी आणि एकाच तापमानाला हवीत. डिसेंबरात तिन्ही मिळतात. २५ ते २७ अंशांवर इनक्युबेटर लावा, लाइट जाण्याची सोय आधी बघा. आणि कपाशी शेजारच्या वावरातून आणू नका. २००२ नंतर आपल्याकडे बहुतेक पऱ्हाटी बीटीच, त्यावर बहुतेक अळ्या मरतात. बिगर-बीटी झाडं स्वतः लावा.

हरभऱ्याची पानं धुवायचा मोह होईल. धुवू नका. पहाटे हरभऱ्यावर धडपं फिरवून म्हाताऱ्या बाया जी आंब गोळा करतात, ती म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. ऑक्झॅलिक आम्लानं अळीची वाढ खुंटते. पाण्यानं ते निघून गेलं की तुमचा हरभरा हरभरा राहत नाही.

शेतातून आणलेल्या अळ्यांवर थेट नोंदी घेऊ नका. काहींच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी असते, काहींना विषाणू असतो. विषाणू लागलेली अळी काळी पडून उलटी लटकते. निरोगी राहिलेल्यांची एक पिढी ज्या-त्या पिकावर वाढवा, मोजमाप पुढच्या पिढीपासून. तिसऱ्या अवस्थेपासून, म्हणजे दोनदा कात टाकून झाल्यावर, एका डबीत एकच अळी, नाहीतर त्या एकमेकींना खातात. आणि मग ‘मृत्युदर’ कशाचा लिहाल?

डबीत टाकलेल्या कातेसोबत डोक्याचं छोटं कवच पडलेलं असतं. कात टाकल्याची तीच पक्की खूण. ते रोज सकाळी शोधून काढा, कारण अळी कधीकधी आपलीच कात खाऊन टाकते.