साहित्यावरचा निबंध तपासताना लाल पेन शेवटी उघडा

तालुक्याच्या कॉलेजात बी. ए. करणारी गावातली मुलं कादंबरीवर निबंध लिहून आणतात आणि म्हणतात, "ताई, जरा पाहून द्या न." आपण लगेच ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला बसतो. तसं करू नका. ज्या परिच्छेदाचं व्याकरण तुम्ही नीट केलं, तोच पुढे काढून टाकायची वेळ येते.

आधी पेन न घेता पूर्ण निबंध वाचा. मग एकच गोष्ट शोधा: या मुलाला स्वतःला काय म्हणायचंय? बहुतेक निबंधांत कथानक सांगण्यातच पानं संपतात आणि मुलाचं मत शेवटून दुसऱ्या वाक्यात दडलेलं असतं. सापडलं की त्याखाली रेघ मारा आणि ते सुरुवातीला आणायला सांगा. नाहीच सापडलं, तर वही मिटून त्याच्याशी बोला. गाईडमधून उतरवलेलं आणि स्वतःचं, बोलताना चटकन वेगळं होतं.

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) घ्या. मुलीने लिहिलंय: "कौतिक खूप कष्टाळू होती. तिने फार सोसले." खोटं काही नाही, पण असं कोणत्याही नायिकेबद्दल लिहिता येईल. समासात एवढंच विचारा: "नवरा असूनही घराचे निर्णय कोण घेतं? कुठल्या प्रसंगात दिसतं?" पुढच्या खर्ड्यात ती लिहील: "कौतिक राबते, पण त्याहून जड आहे ते दर वेळी एकटीने ठरवणं." हे वाक्य तिचं आहे. आता त्याखाली एक प्रसंग आणि पुस्तकातली एक-दोन वाक्यं हवीत. ती तिनेच शोधायची. आपण वाक्य लिहून दिलं की निबंध आपला होतो.

अवतरणांना मात्र हात लावू नका. 'धग'मधली माणसं वऱ्हाडी बोलतात. 'मले', 'पानी', 'डोये' पुस्तकात जसं असेल तसंच राहू द्या. मुलाच्या स्वतःच्या वाक्यात 'पानी' आलं तर 'पाणी' करा, कारण परीक्षेत प्रमाण मराठीच लागते. पण त्याची बोली चुकीची आहे असं चुकूनही म्हणू नका. संवादातला ठसका शहरातल्या वाचकाआधी त्याला कळतो, आणि तो निबंधात उतरवायला त्याला सांगायलाच हवं.

एका वेळी दोनच सूचना द्या. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की घरची पोरंही कापसात असतात; लाल शेऱ्यांनी भरलेली वही मग तशीच पडून राहते.

सगळ्यात शेवटी शुद्धलेखन. निबंध मुलालाच मोठ्याने वाचायला लावा. जिथे तो अडखळतो, तिथलं वाक्य तोडा. 'कांदबरी' नव्हे 'कादंबरी', 'उध्दव' नव्हे 'उद्धव', हेही तेव्हाच पाहा.