इलेक्ट्रिक ईल असलेल्या पाण्यात उतरताना

इलेक्ट्रिक ईल या वीज सोडणाऱ्या माशाचा धक्का बसून माणूस जागीच गेला, असं क्वचितच होतं. जीव जातो तो बहुतेक वेळा बुडून, आणि त्यासाठी कमरेएवढं पाणीही पुरतं. धक्का बसला की स्नायू आखडतात, पाय सुटतात, तोंड पाण्याखाली जातं. सावरायच्या आत पुढचा धक्का बसू शकतो. म्हणून पहिला नियम: अशा पाण्यात एकट्याने उतरायचं नाही.

हा मासा दक्षिण अमेरिकेत, अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत आणि गयानाच्या पट्ट्यात सापडतो. आधी त्याची एकच जात मानत, 2019 साली शास्त्रज्ञांनी तिच्या तीन जाती केल्या. त्यांतल्या एकीचा विजेचा दाब 860 व्होल्टपर्यंत मोजला गेला आहे. आकडा भयंकर वाटतो, पण एक स्पंद, म्हणजे विजेचा एक झटका, जेमतेम दोन मिलिसेकंद टिकतो, आणि मोकळ्या पाण्यात बराचसा प्रवाह आजूबाजूला पसरून जातो. खरा त्रास स्पंदांच्या माळेचा. शिकारीच्या वेळी सेकंदाला 400 च्या आसपास स्पंद सुटतात, त्यामुळे छोट्या माशाचं अंग जागच्या जागी ताठ होतं.

उतरण्याआधी काठावर वीसेक मिनिटं थांबून पाण्याकडे बघा. हा मासा हवेत श्वास घेतो. साधारण दर दहा मिनिटांनी त्याला तोंड वर काढावंच लागतं. संथ, गढूळ पाण्यात तेवढीच खूण मिळते. काही दिसलं नाही म्हणजे पाणी मोकळं आहे असं मात्र धरू नका.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे कोरड्या ऋतूत आटत चाललेलं डबकं. पळायला वाट नसलेला ईल उसळी मारून हनुवटी थेट समोरच्याच्या अंगाला टेकवतो. तो पाण्यात असतो तेव्हा प्रवाह पाण्यात वाटला जातो. उसळी जितकी उंच, तितका जास्त प्रवाह समोरच्याच्या अंगातून जातो. जीवशास्त्रज्ञ केनेथ कटानिया यांनी 2017 मध्ये स्वतःच्या हातावर हे मोजलं: जेमतेम 40 सेंटिमीटरच्या पिल्लाने 40 ते 50 मिलिअँपिअर प्रवाह हातातून नेला. पूर्ण वाढलेला ईल दोन मीटरच्या वर जातो, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. गमबूटही इथे कामाचे नाहीत. धक्का बुटाच्या वर बसतो, आणि आत पाणी शिरलं की रबर असून नसल्यासारखंच.

गुरं, घोडे, कुत्रे अशा डबक्यावर पाणी प्यायला सोडू नका. पाणी काढून काठावर द्या. 1800 साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट यांनी व्हेनेझुएलात कालाबोसोजवळ घोडे डबक्यात घालून ईल दमवायची पद्धत पाहिली. पहिल्या पाच मिनिटांत दोन घोडे बुडाले. ईल दमतो हे खरं, पण तो पुरता दमलाय हे वरून कळत नाही.

मत्स्यालयात काम करणाऱ्यांसाठी:

- दोघांशिवाय टाकीला हात लावू नये. एकाने बाहेर, कोरड्यात उभं राहावं.
- धातूची जाळी, पकड, बादली वापरू नये.
- विजेच्या कामाचे लांब रबरी हातमोजे घ्यावेत. आधी हवा भरून, मनगट पिळून दाबून बघावेत. टाचणीएवढं भोक असलं तरी टाकून द्यावेत.
- मासा उचलू नये. प्लॅस्टिकचं पिंप पाण्यात आडवं धरून त्याला आत वळवावं, पाण्यासकट हलवावं.
- झाकण घट्ट असावं, पण पाणी आणि झाकण यांच्यात हवा राहिली पाहिजे. काठोकाठ भरलेल्या टाकीत हा मासा गुदमरून मरतो.

कुणाला धक्का बसलाच, तर मागोमाग उडी मारू नका, दोघेही अडकाल. कोरडा बांबू किंवा दोर टाकून ओढा. माणूस बाहेर आला की अंगात वीज उरत नाही, बिनधास्त हात लावा. श्वास थांबला असेल तर मदत बोलवा आणि आधी तोंडाने श्वास द्या, कारण बुडालेल्याला प्राणवायू कमी पडलेला असतो. मग छातीवर 30 दाब, 2 श्वास, असं चालू ठेवा: दाब 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. शुद्धीवर असला, तरी छातीत धडधड, चक्कर किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर ईसीजी काढून घ्या. नाकातोंडात पाणी गेलं असेल तर पुढचे काही तास खोकला आणि धाप यांवर लक्ष ठेवा. वाढली तर लगेच दवाखाना गाठा.