तलावपाळीवर चित्र ठेवून निघताना या चुका टाळा

अनोळखी माणसासाठी चित्र सार्वजनिक जागी ठेवून निघून जायचे, ही ‘फ्री आर्ट फ्रायडे’ची कल्पना ब्रिटनमधून पसरली, पुढे अमेरिकेतील सिएटलमध्ये स्टेसी मिलरानी यांनी २०२० साली घराबाहेर छोटीशी पेटी उभारली, जिच्यातले चित्र कोणीही न्यावे किंवा स्वतःचे आणून ठेवावे. हेच पाहून आमच्या गटाने एका रविवारी ठाण्याच्या तलावपाळीवर अकरा चित्रे ठेवली, आणि संध्याकाळी त्यांतली नऊ जशीच्या तशी परत मिळाली.

चूक आमचीच होती. चित्रे आम्ही मोठ्या हौसेने खाकी कागदात गुंडाळून सुतळीने बांधली होती. लोकलमधले २००६ सालचे बॉम्बस्फोट आठवणारा आणि ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना रोज ऐकणारा माणूस असे पुडके उचलेलच कशाला? एक आजी तर नातवाला ओढतच बाकावरून उठल्या. म्हणून चित्र पारदर्शक पाकिटात, दर्शनी बाजू वर करून ठेवावे आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘हे चित्र तुमच्यासाठी आहे, घरी न्या, पैसे द्यायचे नाहीत’ असे लिहावे. क्यूआर कोड मात्र छापू नये, कारण तो दिसताच लोकांना पैसे भरायचे आहेत असे वाटते. रेल्वे स्थानक आणि लोकलचा डबा तर पूर्णपणे वर्ज्य समजावा.

पाकिटाचीही एक गोम आहे. जलरंगातले चित्र अर्धवट सुकलेले असताना बंद केले, तर उन्हात आतून घाम धरतो आणि रंग पसरतात. ते दिवसभर सुकवून, मागे पुठ्ठा घालून मगच बंद करावे, आणि पावसाळ्यात वॉर्निश दिलेले ॲक्रिलिकच बरे. वाशीच्या मिनी सीशोअरवर खाडीचा वारा हलके कार्ड सहज उडवतो, तेव्हा पाकिटात एक चपटा खडा टाकावा.

झाडाला खिळा ठोकू नये, भिंतीला डिंक लावू नये. विद्रूपीकरणविरोधी कायदा १९९५ पासून आहेच, शिवाय चिकटवलेले चित्र कोणी घरी नेणार तरी कसे?

नेणाऱ्याचा लपून फोटो काढणे हा मला सर्वांत मोठा अगोचरपणा वाटतो. उरलेली चित्रे अंधारापूर्वी उचलून आणावीत, नाहीतर सकाळी ती झाडणाऱ्या ताईंच्या गळ्यात पडतात.