रोमन देवीच्या मूर्तीत जुनं किती आणि नंतर जोडलेलं किती, कसं ओळखायचं

म्युझियममधे संगमरवरी रोमन देवी दिसली की आपण आधी चेहरा बघतो मग हातात काय धरलंय ते बघतो आणि ही ज्युनो (देवांची राणी), ही सेरेस (धान्याची देवी) असं ठरवून पुढे जातो. प्लीज असं करू नका. नाक, बोटं, हात, मुंडकं हेच सगळ्यात आधी तुटतं, आणि 17व्या-18व्या शतकात रोममधे तुटकी मूर्ती बहुतेक वेळा पूर्ण करूनच विकायचे, त्यामुळे हातातली गव्हाची कणसं नवी असतील तर सेरेस हे नावही तेव्हाच चिकटलेलं असू शकतं.

सुरुवात मानेपासून करा. सांध्याची रेघ दिसते का बघा, पण नुसत्या सांध्यावरून निकाल देऊ नका, कारण रोमन लोक स्वतःही डोकं वेगळं कोरून धडात बसवायचे. मग दगड बघायचा.. दाणा, रंग, शिरा वर-खाली जुळतात का? बॉस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियमने 2011 मधे घेतलेली ज्युनो जवळपास 13 फूट उंच आहे, आणि तिचं डोकं आणि धड एका मूर्तीचं नाही.

मग हात. फ्लॉरेन्सच्या मेडिची व्हीनस या मूर्तीची बोटं नीट बघा, लांब आणि निमुळती, कारण ते हात एर्कोले फेराता या 17व्या शतकातल्या शिल्पकाराने केलेत, आणि एकदा लक्षात आलं की अंग आणि बोटं वेगळ्या काळातली आहेत हे दिसतंच.

गुळगुळीत म्हणजे नवं असंही नाही हं, जोड दिसू नये म्हणून जुना भागही घासून टाकायचे. शंका असेल तर म्युझियमच्या वेबसाइटवर अल्ट्राव्हायोलेट फोटो आहेत का शोधा, त्यात जुना संगमरवर बऱ्याचदा पिवळसर डागडागांचा दिसतो आणि नव्याने कापलेला जांभळट, एकसारखा.

आणि जोडलेलं म्हणजे खोटं, काढून टाका, असं मला अजिबात वाटत नाही. रोमजवळ ऑस्टियाला 1797 मधे सापडलेल्या होप हायजिया या आरोग्यदेवीच्या मूर्तीचे जोडलेले भाग 1970च्या दशकात काढले होते, नंतर अमेरिकेतल्या गेटी म्युझियमने ते परत बसवले, कारण दोनशे वर्षं लोकांनी तिला तशीच पाहिली होती. मला ते पटतं.

शेवटी मागे जा, जाता येत असेल तर. भिंतीला पाठ करून ठेवायच्या मूर्तीची मागची बाजू सजवायला कोणी फार वेळ घालवत नसे, त्यामुळे लोखंडी खिळ्याचा गंज, भरलेली भोकं, न जुळणाऱ्या वस्त्राच्या चुण्या तिथेच सापडतात.