बरं वाटतंय म्हणून गोळी ठेवून दिली? हत्तीपाय अन् मलेरियात या चुका टाळा

आशाताई हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन दारात आल्या की घरोघरी एकच उत्तर, ठेवून जा ताई, जेवल्यावर खातो. अन् ती पुडी मग देवाच्या फोटोमागं पडून राहते. आमच्या आजीनंही दरवर्षी हेच केलं, म्हणायची मले काय झालं, दिवसभर वाकून रोवणी करतो मी. पुढे डावा पाय सुजला तो सुजलाच, चप्पल चढेना, बसमध्ये चढता येईना, अन् शेवटी तर लग्नकार्यालाही जाणं सोडलं तिनं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच, मला काही होत नाही म्हणजे माझ्या अंगात काही नाही असं समजणं. हत्तीपाय करणारा धाग्यासारखा किडा अंगात 6 ते 8 वर्षं जगतो अन् रक्तात लाखो पिल्लं सोडतो, माणसाला पत्ताही नसतो अन् मच्छर ती पिल्लं उचलून दुसऱ्याच्या अंगात नेतो. गोळी मुख्यतः पिल्लं मारते, मोठे किडे सगळे मरत नाहीत, म्हणून तर ती दरवर्षी घ्यावी लागते. उपाशीपोटी खायची नसते हे खरं आहे, मग ताई येणार त्या दिवशी आधीच दोन घास खाऊन घ्या अन् त्यांच्यासमोरच गिळा. 2 वर्षांखालचं लेकरू, गरोदर बाई अन् खूप आजारी माणूस यांना मात्र देत नाहीत.

गोळी खाल्ली अन् ताप आला, डोकं दुखलं, गरगरलं? त्यावरून गावात लगेच बोंब होते की गोळ्या खराब आहेत. खरं तर बहुतेक वेळा पिल्लं मरतात तेव्हा असं होतं, म्हणजे ती तुमच्या अंगात असावीत. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं, जास्त त्रास वाटला तर दवाखान्यात जा, पण पुढच्या वर्षी गोळी नाकारू नका.

हत्तीपायाच्या तपासणीसाठी रात्री रक्त घ्यायला टीम आली की लोक दार लावून घेतात, दिवसा काहून येत नाही म्हणतात. अहो, ती पिल्लं रात्रीच वरच्या रक्तात येतात, दिवसा तपासलं तर सापडत नाहीत, म्हणून ते बिचारे रात्री साडेआठनंतर फिरतात.

आता मच्छरांचं. कूलर, रांजण कोरडे केले, झालं आपलं काम असं वाटतं, पण ते डेंग्यूसाठी. हत्तीपायाचा क्युलेक्स मच्छर घाण पाण्यात वाढतो, म्हणजे तुंबलेली नाली अन् सेप्टिक टँक. नाली वाहती ठेवा, टँकच्या व्हेंट पाईपला जाळीचं कापड बांधा, दहा मिनिटांचं काम आहे. मलेरियाचा अॅनोफिलीस मच्छर मात्र बोडी (छोटं तळं), नाल्याचे डबरे अशा स्वच्छ पाण्यात, तिथं गप्पी मासे सोडा.

मलेरियात पण तेच, ताप उतरला की गोळ्या बंद. व्हायवॅक्स नावाच्या प्रकारच्या मलेरियाचा जंतू लिव्हरमध्ये लपून बसतो अन् काही आठवड्यांनी, महिन्यांनीही परत उठतो, त्यासाठीच 14 दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या असतात, त्या पूर्ण करा. गडचिरोलीकडे, एटापल्ली-भामरागड भागात फाल्सिपेरम हा मलेरियाचा दुसरा प्रकार जास्त, तो मेंदूवर जाऊ शकतो, तिथं तर दोन दिवस वाट बघत बसणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी पुजारी, मग सलाईनवाला अन् शेवटी सरकारी दवाखाना, हा क्रम उलटा करा. आशाताईकडे मलेरिया तपासायची किट असते, बोटातून थेंबभर रक्त घेतलं की वीस-पंचवीस मिनिटांत कळतं.

सरकारी औषधी मच्छरदाणी गरम पाण्यात धुऊ नका, उन्हात वाळवू नका, औषध जातं. बोडीत मासोळ्या धरायला तर नकोच. अन् शेतात जागलीला जाताना तीच दाणी सोबत न्या, मचाणावर रात्रभर उघड्यानं झोपता अन् घरी दाणीत झोपता, त्याला काय अर्थ?

पाय आधीच सुजला असेल तर डाग देणं, पट्टा आवळून बांधणं, गरम शेक, हे सगळं बंद. रोज साबण अन् साध्या पाण्यानं धुवा, बोटांच्या सांदी कोरड्या पुसा, चीर पडली तर मलम लावा, बसताना पाय वर ठेवा. आजीला शेवटी शेवटी हेच करत होतो तर सारखं सारखं तापानं पडणं खूप कमी झालं होतं. अन् याच रोगात होणारं हायड्रोसिल (अंडकोषात पाणी भरून येणारी सूज) असलेल्या भावांनो, लाजून धोतराखाली वर्षानुवर्षं लपवू नका, ते ऑपरेशननं बरं होतं अन् सरकारी दवाखान्यात करून देतात.